तीसपैकी तीस

आमच्या अभ्यासक्रमाचं नाव मी एका दमात सांगितलं की मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटातले लोक आधी गप्प होतात आणि मग विचारतात, "मतलब डॉक्टर बनोगी?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. कॉग्निटिव्ह अँड क्लिनिकल न्यूरोसायन्स. गल्लीतल्या एका काकूंना मी पंधरा मिनिटं खर्चून समजावलं की माणूस लक्षात कसं ठेवतो, का विसरतो, कोणतं विसरणं वयाचं आणि कोणतं आजाराचं, हे सगळं त्यात शिकवतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आईला म्हणाल्या, "पोरगी पागलखान्यात लागली वाटते." तेव्हापासून मी समजावण्याच्या भानगडीत पडत नाही. दिमाग की पढ़ाई, असं म्हणते आणि पुढे चालू लागते.

हा न समजावण्याचा आळस मला पुढे फार महागात पडला. सगळं त्याच्यापासूनच सुरू झालं, म्हणून आधी कबूल करून टाकते.

दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात दोन वर्षांचं हे शिक्षण. पहिल्या सत्रात आम्ही खरा मेंदू हातात घेतला. मला वाटलं होतं, त्या क्षणी काहीतरी थोर वाटेल. हातमोज्यातून तो भिजलेल्या साबणाच्या वडीसारखा लागला आणि फॉर्मॅलिननं डोळ्यांतून पाणी आलं, एवढंच. माझ्या शेजारच्या मुलीने तर जेवणाच्या सुट्टीत पनीर खायचं सोडलं. मग संख्याशास्त्र आलं, त्यात मी दोनदा रडले, आणि दुसऱ्या सत्रात खऱ्या कामाला हात घातला. ते काम म्हणजे माणसासमोर बसून चाचणी घेणं.

चाचणी म्हणजे एक कागद, तीस गुणांचा. सुरुवातीला आपण पाच शब्द वाचायचे, समोरच्याने ते म्हणून दाखवायचे. मग त्याला घड्याळ काढायला सांगायचं, शंभरातून सात-सात वजा करायला लावायचं, आजची तारीख विचारायची, चित्रं ओळखायला द्यायची. या सगळ्यात पाच-सात मिनिटं गेली की हळूच विचारायचं, मघाचे पाच शब्द कोणते होते? तीच खरी मेख. ज्याची स्मरणशक्ती दगा देऊ लागली आहे तो इथे अडखळतो. आमच्या फॉर्मवरचे शब्द होते घोडा, पेरू, चटई, घंटा, नदी.

ऐकायला पोरखेळ वाटतो. पण वाचायची गती एकसारखी हवी, चेहरा कोरा हवा, समोरचा चुकला तर भुवईसुद्धा हलता कामा नये. आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, पन्नासदा घेऊन झाल्याशिवाय मी तुम्हाला रुग्णाजवळ फिरकू देणार नाही. वसतिगृहातल्या मैत्रिणींवर घेण्यात अर्थ नव्हता, सगळ्यांनाच शब्द पाठ. म्हणून मी रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर आईला धरलं.

एक नियम आम्हाला बजावून सांगितला होता. एकाच माणसावर तोच फॉर्म पुन्हापुन्हा वापरायचा नाही, तो उत्तरं शिकतो आणि मग त्याच्या गुणांना काही अर्थ उरत नाही. त्यासाठी वेगळ्या शब्दांचे दुसरे, तिसरे फॉर्म असतात. या मुद्द्यावर परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न आला होता आणि मला त्यात नऊ मिळाले होते. सांगायची लाज वाटते, पण मिळाले होते. माझं म्हणणं असं की मी आईला थोडीच मोजत होते, मी आपला हात बसवत होते. तिचे गुण माझ्या लेखी नुसते भरायचे रकाने होते.

आता आई. ती लालबर्‍याच्या पुढच्या एका गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकवायची. घर मराठी, शाळा हिंदी, आणि रोजची सकाळची बस. निवृत्त होऊन तिला तीन वर्षं झाली होती. पंचक्रोशीत तिचं नाव एकाच गोष्टीसाठी होतं, बहनजींच्या वर्गात नकल होत नाही, म्हणजे कॉपी चालत नाही. वार्षिक परीक्षेला ती दारात उभी राहून एकेका पोराचे तळहात उलटेपालटे करून बघायची, मुलींच्या वेण्यांच्या रिबिनी सोडायला लावायची. एकदा सरपंचाच्या नातवाचा पेपर तिने काढून घेतला. सरपंच तावातावाने शाळेत आले. तिने त्यांना चहा पाजला, घरच्या सगळ्यांची विचारपूस केली आणि पेपर काही परत दिला नाही.

बाबा सिंचाई विभागात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क होते. कागदावर कागद नीट बसला पाहिजे आणि आईच्या शब्दाला नाही म्हणायचं नाही, या दोन गोष्टींवर त्यांचा संसार चालला.

पहिल्या रविवारी मी सूचना वाचायला घेतल्या तेव्हा आईने विचारलं, "काहून विचारून राह्यली वं हे सगळं?"

खरं उत्तर असं होतं की आई, म्हाताऱ्या माणसांचा मेंदू कुरतडला जातोय का ते या चाचणीतून पकडतात, आणि तू पासष्टची झालीस. हे बोलायला माझी जीभ रेटेना. शिवाय पागलखान्याचा किस्सा ताजा होता. मी म्हटलं, "माही परीक्षा आहे आई, प्रॅक्टिकल. तू बरोबर सांगतलं का मले मार्क भेटतात."

"हौ का? मंग विचार."

ती सावरून बसली, पदर नीट केला, चष्मा पुसला. तीसपैकी तीस. मी कॅमेऱ्यासमोर कागद धरून दाखवला तर तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

दुसऱ्या रविवारपासून तिने माझीच शाळा घेतली. "शेवटचा शब्द सांगतानी मुंडी काहून हालवते? पोरगं तुह्या मुंडीवरून उत्तर काढन." मग, "येवढी घाई काहाची आहे? थांबाले शिक. मास्तरानं घाई केली का पोरगं विचारच नाही करत." मी चिडायचे. आठवडाभर प्राध्यापकांचं ऐकायचं आणि रविवारी पुन्हा आईचं? पण तिचं ऐकून मी थांबायला शिकले. प्रश्न विचारायचा आणि तोंड मिटून बसायचं, समोरच्याला शोधू द्यायचं. दोन महिन्यांनी मॅडमनी माझी चाचणी काचेपलीकडून पाहिली आणि विचारलं, इतकं छान थांबायला कुठे शिकलीस? मी म्हटलं, आईकडे. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

हात बसल्यावर खरं तर मी थांबायला हवं होतं. पण आईला सवय लागली होती. रविवारी फोन लागला की तीच म्हणायची, "आज पेपर नाही का?" आणि मलाही ते सोयीचं होतं. आम्हा दोघींना फोनवर काय बोलावं ते कधी सुचत नाही. जेवली का, जेवले, तू जेवली का, संपलं. चाचणी असली की निदान वीस मिनिटं एकमेकींच्या तोंडाकडे बघणं व्हायचं. मी दर वेळी गुण मांडून कागद फाइलला लावत गेले. तीस, तीस, एकोणतीस, तीस.

उन्हाळ्यात मला स्मृती-क्लिनिकमध्ये काम मिळालं, म्हणून घरी जाता आलं ते फक्त चार दिवस, तेही एका लग्नाच्या धावपळीत. क्लिनिकमध्ये म्हातारी माणसं यायची, सोबत मुलगा नाहीतर सून. प्रश्न आजोबांना विचारला की उत्तर मुलगा द्यायचा. मी वैतागायचे. मॅडमनी एकदा रुग्ण गेल्यावर मला थांबवून सांगितलं, मुलावर चिडू नकोस, आजोबांची मान बघ. प्रश्न कानावर पडला की त्यांची मान आधी मुलाकडे वळते, मग ते बोलतात. आतून उत्तर येईना की माणूस जवळच्या माणसाकडे बघतो. घरच्यांना हे कळतही नाही, ते प्रेमापोटी उत्तर पुरवत राहतात आणि आजार दोन-दोन वर्षं झाकलेला राहतो. मी हे वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी आईला मघाचे पाच शब्द विचारले. तिची नजर फोनवरून उचलली गेली आणि माझ्या डाव्या हाताला गेली. मग ती म्हणाली, "घोडा, पेरू, चटई, घंटा, नदी."

"आई, कुठं पाहून राह्यली?"

"पाल आहे भिंतीवर."

आमच्या घरी पाली आहेतच. मी पाच गुण मांडले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. पुढच्या रविवारीही पाल होती. त्याच्याही पुढच्या रविवारी. दोन रेघा मारलेली वही माझ्या टेबलावर उघडी पडलेली असायची. हुशार माणसाला मूर्ख व्हायला किती कमी कष्ट पडतात, याचा मी चालता-बोलता पुरावा होते.

दुसऱ्याही गोष्टी होत्या. पावसाळ्यात तिने मला चिन्नोर तांदळाचं पार्सल पाठवलं. वसतिगृहात चूल नाही, हे तिला माहीत होतं. मी ते मेसवाल्या अण्णांना देऊन टाकलं. आठ दिवसांनी तसंच दुसरं पार्सल आलं, आतली चिठ्ठीसुद्धा तीच, नवीन तांदूळ नाही पण वास बघ. मला वाटलं, आईची माया. एकाच कॉलमध्ये ती तीनदा विचारायची, "तिकडं उकाडा आहे का?" तीही मायाच. फोन आता बाबाच उचलायचे आणि म्हणायचे, थांब, तिले देतो, आणि द्यायला बराच वेळ लावायचे. मला वाटलं, म्हातारपणी प्रेम वाढलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गोंदियाहून गाडी बदलून घरी पोचले. या वेळी माझ्याकडे दोन आठवडे होते. प्रबंधासाठी मला वेगळ्या शब्दांचा दुसरा फॉर्म वापरायचा होता आणि त्याच्यावर हात बसवायचा होता. भाऊबीज उरकल्यावर एका दुपारी मी ओसरीत चटई टाकली, आईला समोर बसवलं आणि म्हटलं, "आज पेपर समोरासमोर."

आई बसली. मी पाच शब्द वाचले: कंदील, शेळी, चमचा, डोंगर, रुमाल. तिने लगेच म्हणून दाखवले, एक राहिला. हरकत नाही, तिथे गुण नसतात. घड्याळ, वजाबाकी, चित्रं. वजाबाकी तिने इतकी झरझर केली की मीच कागदावर मागे पडले. मग मी विचारलं, "आई, मघाचे पाच शब्द सांग."

तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. चेहरा उजळला. "घोडा, पेरू, चटई, घंटा, नदी."

मी हसले. मला वाटलं माझी थट्टा करतेय. "तो जुना पेपर, आई. आजचे सांग ना."

ती पुन्हा माझ्या मागे बघायला लागली आणि या वेळी तिचा चेहरा उजळला नाही. मी वळून पाहिलं. बैठकीच्या दारात बाबा उभे होते. त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी जुन्या कॅलेंडरचं एक पान धरलं होतं. मागच्या कोऱ्या बाजूवर काळ्या स्केचपेनने, ऑफिसच्या फायलींवर काढायचे तशा ठळक अक्षरांत, पाच शब्द लिहिले होते. स्टेशनवर पाहुण्यांना घ्यायला आलेली माणसं नावाची पाटी धरून उभी राहतात, अगदी तसे ते उभे होते. पाहुणे दुसरेच उतरले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मला पुन्हा हसू यायला लागलं होतं; मी कागद मिटला. मी आईला म्हटलं, झालं, चहा ठेव. आणि बाबांना मागच्या अंगणात नेलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

बाबांनी पानाची घडी घातली, घडीवर बोट फिरवून ती नीट बसवली. "मिरगाच्या सुमारास एक डाव तिले दोन शब्द नाही आठवले. तू काही बोलली नाही. पण फोन ठेवल्यावर ते रडली. म्हणे, मी पोरीले फेल करून राह्यली. साऱ्या जिनगीत कोणाचं वर्ष वाया नाही जाऊ देल्लं, अन् आपल्याच पोरीचं घालवतो का?"

"मंग?"

"मंग मी लिहून ठेवलं. तिले म्हणलं, तू काळजी नको करू, मी मांगं उभा राहतो."

त्या रविवारचा कागद मला आठवला. अठ्ठावीस. आजूबाजूला गोंगाट आहे, एवढंच मी शेजारी लिहिलं होतं.

मी चिडले. मला राग लवकर येतो आणि तो नेहमी चुकीच्या माणसावर निघतो. "बाबा, तुम्हाले समजते का तुम्ही काय केलं? तिले आठवत नाही, हे तुम्ही पाहून राह्यलेते, अन् मले सांगतलं नाही? चार-पाच महिने? दोघांनी मिळून मले फसवलं!"

बाबा आयुष्यात माझ्यावर कधी आवाज चढवून बोलले नाहीत. तेव्हाही नाही. "तूच तं म्हणली का तुही परीक्षा आहे."

स्वयंपाकघरातून आई विचारत होती, चहात साखर टाकली का मी? बाबा आत गेले, चाखून बघितला आणि म्हणाले, हौ, टाकली.

चार दिवसांनी आम्ही तिला नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तिला सांगितलं, पासष्टीनंतरची सगळी तपासणी आहे. रक्त काढलं, स्कॅन झाला. त्या यंत्राच्या आवाजाला ती घाबरली, बाहेर आल्यावर बराच वेळ तिने माझं मनगट सोडलं नाही. डॉक्टर शांत गृहस्थ होते. त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला तो असा: सुरुवात कधी झाली, आणि तेव्हापासून किती उतरलं आहे?

हा प्रश्न मी स्वतः क्लिनिकमध्ये शेकडो नातेवाइकांना विचारला आहे. ते गोंधळले की मनातल्या मनात मी त्यांना नावं ठेवली आहेत. आपल्या माणसाकडे इतकंही लक्ष नसावं? माझ्याजवळ तर दर रविवारचे कागद होते, तारीख घालून, सही करून. एखाद्या मुलीने आपल्या आईच्या स्मृतीची इतकी टापटीप नोंद ठेवली नसेल. आणि त्या फाइलप्रमाणे माझ्या आईला काहीही झालेलं नव्हतं. मी डॉक्टरांना म्हटलं, मला माहीत नाही. माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारलं.

निकाल पाहून त्यांनी मला एकटीला आत बोलावलं. ज्याची भीती होती तोच आजार होता, पण सुरुवातीचा. औषधांनी तो थांबत नाही, थोडी मदत होते. मी हे सगळं शिकलेली होते, तरी प्रत्येक वाक्य पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. शेवटी ते म्हणाले, "त्यांना सांगा. आज त्यांना सगळं समजतंय. पुढे कुठे राहायचं, कोणाच्या हातून काय करून घ्यायचं, काय नको, हे त्या आत्ता ठरवू शकतात. उशीर केलात तर तुम्ही ठरवाल आणि त्यांना फक्त कळवाल. मी सांगू?"

मी म्हटलं, मी सांगते.

बाहेर बाबांनी माझा चेहरा वाचला. आई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ते म्हणाले, "नको सांगू तिले. हाय खाईन ते." आणि गाडीत बसल्यावर आईने विचारलंच, "डॉक्टर काय म्हणे?"

"कमजोरी आहे म्हणे," बाबा म्हणाले. "गोळ्या देल्ल्या."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. धान कापून झालं होतं, बांध्यांमधून बाया भारे बांधत होत्या. गोंदिया येईपर्यंत मी त्या बाया मोजत राहिले, कारण मान आत वळवायची हिंमत नव्हती.

परत जायला माझ्याकडे तीन दिवस उरले. त्या तीन दिवसांत मी सांगायला किती वेळा गेले! ती भाजी निवडत होती, आता नको. ती पोथी वाचत होती, आता कसं सांगणार? रुग्णाला वाईट बातमी कशी द्यावी यावर आम्हाला तीन तासांचं व्याख्यान होतं, त्याच्या सगळ्या पायऱ्या मला क्रमाने येत होत्या. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी त्या मनात म्हणायचे आणि पाणी पिऊन परत यायचे. मी भित्री आहे, हे मला त्या आठवड्यात कळलं.

शेवटी आईनेच तोंड फोडलं. निघायच्या आदल्या दिवशी, जेवणं झाल्यावर ती पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "माहा पेपर पुन्हा घे. त्या दिवशी बरोबर नव्हता झाला. तुहे मार्क कटले असन ना? पूरक परीक्षा घेतात ना तुमच्यात?"

बाबा चपापून उठले. मी त्यांना म्हटलं, बाबा, तुम्ही बाजारातून वांगे घेऊन या. ते माझ्याकडे बघत राहिले. मग पिशवी घेऊन गेले. जाताना दार त्यांनी अगदी हळू लोटलं.

मी तिसरा फॉर्म काढला. नियमाने मी आपल्याच आईची चाचणी घेणं बरोबर नव्हतं, पण नियमांची आठवण मला आता होऊन काय उपयोग. ओसरीत आम्ही दोघीच होतो. मी तिनेच शिकवल्यासारखी वाचत गेले, सावकाश, मुंडी न हलवता.

वजाबाकी तिने पुन्हा झरझर केली. महिना बरोबर सांगितला, तारीख चुकली, वार चुकला. घड्याळाचं गोल सुरेख काढलं, आकडे आपापल्या जागी बसवले. पावणेचार दाखव म्हटलं तर पेन्सिल बराच वेळ गोलाच्या वर फिरत राहिली आणि दोन्ही काटे तीनवर टेकले. तिला ते पटलं नसावं. तिने कागद फिरवून बघितला, आणि तसाच ठेवला. कोरा चेहरा ठेवायला मला कधी इतके कष्ट पडले नव्हते. माझी जबड्याची हाडं दुखायला लागली.

मग मघाचे शब्द. तिची मान वळली, बैठकीच्या दाराकडे. दार रिकामं होतं. ती तिकडे बघत राहिली. मी थांबले. अंगणात कोणाची तरी सायकल वाजत गेली.

"दोन येतात," ती म्हणाली आणि दोन सांगितले. मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "बाकीचे नाही येत मले."

मी रकान्यात तीन शून्यं लिहिली. तिच्या पुढ्यात, तिला दिसतील अशी. हात लपवावासा वाटत होता, लपवला नाही.

"किती झाले?"

गुण सांगायचे नसतात. मी बेरीज केली. "अठरा."

"तीसपैकी?"

"हौ."

तिला क्षणभरही लागला नाही. "साठ टक्के. फर्स्ट डिवीजन!" ती इतकी मनापासून हसली की वरच्या दाताची फट दिसली. "अन् नकल न करता. मंग आता तू पास?"

हो म्हणून टाकलं असतं तर चहा झाला असता, बाबा वांगी घेऊन आले असते, दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले असते. ती खूश राहिली असती. किती दिवस, ते मला ठाऊक आहे, तेच तर मी शिकते. ओठांवर हो आलेलंही होतं.

मी कागद बाजूला ठेवला आणि तिचे दोन्ही हात धरले. "आई, हा पेपर माहा नव्हता. पहिल्यापासून नव्हता. तुहा होता. माणसाचं आठवणं कमी होऊन राह्यलं का, ते पाह्याचा पेपर आहे हा. नागपूरले त्याच्याचसाठी गेलतो. कमजोरी नाही, बिमारी आहे. तुह्या आठवणीची." मग रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. "मी तुले खोटं सांगतलं."

आईने माझे हात सोडले, चटईवरचा कागद उचलला, चष्मा वर करून एकेक रकाना पाहिला. घड्याळापाशी थांबली. शून्यांपाशी थांबली. शाळेतले पेपर तपासताना ती अशीच बसायची, पाठ ताठ, बोट ओळीवर. मग तिने कागद माझ्या हातात दिला.

"मंग आधी सांगाचं होतं ना बेटा," ती म्हणाली. "मी नकल नसती केली."